आश्रितांचा रकाना

बायपासनंतर घरी आल्यावर चौथ्याच दिवशी विश्वास म्हणाला, "आता मृत्युपत्र करून टाकू. दोघांचंही." गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तशा सुरात. पस्तीस वर्षं चंदीगडच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरकी केलेला माणूस, त्याला या विषयाचं भय नव्हतं. वसुधालाही नव्हतं. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती, आणि शिस्तीत आवरून ठेवणं तिला आवडायचं.

वल्लरीला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, विचारलं. ती आयटी पार्कात चांगल्या पगारावर होती आणि मोहालीत वेगळी राहायची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. "घर मेरे लिए रख दो, मम्मा. बाकी जहाँ देना है दे दो. पक्का."

मग पुढचे दोन महिने त्या दोघांनी संस्था निवडण्यात घालवले. विश्वासचा नियम साधा होता. माहितीपुस्तक वाचायचं नाही, न सांगता जायचं, आणि तिथलं स्वयंपाकघर नि संडास पाहायचे. इस्पितळाबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना जेवण देणारी मंडळी त्याला पसंत पडली. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं एक मंडळ वसुधाला आवडलं. विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी एक शिष्यवृत्ती ठेवायची, हेही ठरलं. गुळगुळीत कागदावर हसऱ्या मुलांचे फोटो छापणारी एक मोठी संस्था विश्वासने स्वयंपाकघर पाहून आल्यावर खोडून टाकली.

यादीच्या सगळ्यात वर वसुधाने पहिल्याच दिवशी एक नाव लिहून ठेवलं होतं. डेराबस्सीच्या पुढे, कारखाने संपतात तिथे, मतिमंद प्रौढांसाठी एक निवास होता. सगळ्यात मोठा वाटा त्यांना.

"तिथे कधी जायचं?" विश्वासने विचारलं.

"तिथे बघायला कशाला जायचं? चौदा वर्षं देतोय आपण."

विश्वासने चष्मा पुसला आणि पुढचं नाव वाचलं.

वकीलबाई हरलीन कौर यांचं ऑफिस सेक्टर बावीसमध्ये, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. चाळिशीची, मोजकं बोलणारी बाई. तिने दोघांची माहिती एकेक करून लिहून घेतली. मग लेखणी न उचलताच विचारलं, "कोई आश्रित? माँ-बाप, भाई-बहन, कोई जो आप पर निर्भर हो?"

"नहीं जी," वसुधा म्हणाली.

इतकं पटकन म्हणाली, की विश्वासने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.  हरलीनने रकान्यात आडवी रेघ मारली आणि संस्थांच्या नोंदणीचे कागद आणायला सांगितले.

गाडीत बसल्यावर विश्वासने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"सदाशिव?" तो म्हणाला.

"तो संस्थेच्या वाट्यात आलाच की."

"तसं नसतं ते, वसुधा."

"तुम्ही तिथेच का नाही बोललात मग?"

"हो," विश्वास म्हणाला. "मीही नाही बोललो."

सदाशिव आपटे हा वसुधाचा धाकटा भाऊ. मिरजेला आईजवळ राहायचा. जन्मतःच मंद होता. पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी समज, पण स्वभावाने गोड. आई गेली तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. वसुधा त्याला चंदीगडला घेऊन आली, आणि चार महिन्यांनी डेराबस्सीला ठेवून आली. वल्लरीचं बारावीचं वर्ष आहे, घरात शांतता हवी, असं सगळ्यांना सांगितलं. सुरुवातीला दर रविवारी जायची. मग महिन्यातून एकदा. मग दिवाळीला नि राखीला. कोविडमध्ये भेटी बंद झाल्या. पुढे संस्थेने त्या सुरू केल्या, वसुधाने केल्या नाहीत. पैसे मात्र एकाही वर्षी चुकले नाहीत. दर एप्रिलला पैसे पाठवले की तिला पुढचे काही दिवस झोप चांगली लागायची.

कागद आणायचेच होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डेराबस्सीला गेले. फोनवर वसुधाने नाव सांगितलं होतं, डॉक्टर वसुधा नाडगौडा, आणि काम सांगितलं होतं. त्यामुळे फाटकापाशीच संचालिका जसवीरबाई वाट पाहत उभ्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्या इथे आल्या होत्या. वसुधाचं नाव त्यांना पावत्यांवरून माहीत होतं.

"आपको पहली बार देख रहे हैं," त्या म्हणाल्या, आणि दोघांना नवीन बांधलेलं जेवणघर, धुलाईचं यंत्र, भाजीचे वाफे असं सगळं दाखवू लागल्या. विश्वास मागे मागे चालत होता. स्वच्छ होतं सगळं. वसुधाचे डोळे प्रत्येक खोलीत सदाशिवला शोधत होते, आणि तो दिसला नाही की तिला बरं वाटत होतं. आपल्याला बरं वाटतंय हेही तिला कळत होतं.

व्हरांड्यात चहा मांडला होता. समोर दहा-बाराजण ओळीने उभे होते, स्वच्छ शर्ट घातलेले, हातात झेंडूचं एकेक फूल. पाहुणे आले की इथे असं करत असावेत.

तिसरा सदाशिव होता. केस पूर्ण पांढरे, पुढचे दोन दात पडलेले, अंग भरलेलं. आईचं कपाळ. तो आपली पाळी आल्यावर पुढे आला, फूल वसुधाच्या हातात ठेवलं, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "सत श्री अकाल जी."

मग विश्वासला तसंच म्हणून रांगेत परत गेला.

"ये हमारा सदा है," जसवीरबाई कौतुकाने म्हणाल्या. "सब्ज़ी का काम यही देखता है. बहुत अच्छा बच्चा है. बेचारे का कोई है नहीं."

वसुधाने चहाचा कप न पिताच विश्वासपुढे धरला. विश्वासने तो घेऊन बाकावर ठेवला. तो तिच्या वतीने बोलेल असं तिला क्षणभर वाटलं.  कप ठेवून तो तसाच उभा राहिला.

"मैं इसकी बहन हूँ," वसुधा म्हणाली.

जसवीरबाईंना आधी ते ऐकू आलं नसावं, किंवा संस्थेतल्या सगळ्यांनाच ही बाई भाऊ मानते, अशा अर्थाने त्यांनी ते घेतलं असावं. त्या हसून मान डोलावत होत्या. वसुधाला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड गेलं. "सगी बहन. मैंने ही इसे यहाँ रखा था."

बाईंचं हसू गेलं. त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना आत न्यायला सांगितलं आणि स्वतः ऑफिसमध्ये जाऊन फाइल घेऊन आल्या. फाइलवर नाव होतं 'सदा शिव'. पालकाच्या जागी वसुधाचं नाव, आणि एक लँडलाइन नंबर, जो कधीच बंद झाला होता. देणगीदारांची यादी संगणकावर होती. फाइल जुन्या कपाटात. दोन्हींतलं नाव एकच आहे हे बघायची वेळ कुणावर आली नव्हती.

"दो साल पहले इसको निमोनिया हुआ था," जसवीरबाई म्हणाल्या. "हमने फोन किया था इस नंबर पर. बहुत बार." त्यांचा आवाज चढला नव्हता. तेच वसुधाला जास्त लागलं.

तिने त्याला भेटायची परवानगी मागितली. भावाला भेटायची परवानगी. तो वाफ्यात बसून मेथीतलं तण काढत होता. ती शेजारी खाली बसली.

"सदा, मी ताई. मिरजेची ताई."

त्याने तिच्याकडे पाहून छान हसून दाखवलं, पाहुण्यांना दाखवतात तसं.

"आई आठवते का रे? आपली आई?"

तो पुन्हा हसला आणि एक मूठ उपटून तिच्या हातात दिली. "मेथी," तो म्हणाला. "ले जाओ जी."

जसवीरबाईंसोबत एक म्हातारे स्वयंपाकी आले होते, सुरुवातीपासून इथे असलेले. त्यांना आठवत होतं. "पहले बोलता था कुछ," ते म्हणाले. "अपनी भाषा में. बहुत बोलता था. हमें समझ नहीं आता था, तो धीरे-धीरे बंद हो गया. खाने के टाइम रोता था, वरण, वरण. हमने सोचा भाई होगा कोई, वरुण. हम बोलते थे, खा ले, वरुण आएगा."

विश्वास तोंड फिरवून कुंपणाकडे गेला. वसुधा तिथेच बसून राहिली. पन्नास शब्दांची भाषा होती त्याची, सगळी मराठी, आणि तिने त्याला अशा घरात ठेवलं होतं जिथे त्यातला एक शब्द कुणाला कळणार नव्हता. घर निवडताना तिने खोल्या पाहिल्या होत्या, डॉक्टर येतो का विचारलं होतं, अंतर विचारलं होतं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनेच तर त्याला बोलायला शिकवलं होतं, परकराच्या वयात, एकेक शब्द दहादा म्हणून.

"मी त्याला घरी नेते," ती उठून म्हणाली.

जसवीरबाई वाफ्याकडे पाहत म्हणाल्या, "आपका भाई है, ले जा सकते हो. पर मैडम, उसका बिस्तर यहाँ है. पप्पू यहाँ है, जिसके बग़ैर वो सोता नहीं. ये आप उसके लिए कर रहे हो, कि अपने लिए?"

वसुधा मेथी हातात घेऊन गाडीकडे चालू लागली. नोंदणीचे कागद मागायचे राहूनच गेले.

वल्लरी रविवारी जेवायला आली तेव्हा वसुधाने तिला सांगितलं. मामा कुणाला ओळखत नाही, अंथरुणाला खिळून असतो, अशीच तिची समजूत करून दिलेली होती. वल्लरी ऐकताना ताटातली पोळी दुमडत राहिली. मग तिने जे विचारलं त्याची वसुधाला अपेक्षा नव्हती.

"मेरे बोर्ड्स की वजह से भेजा था ना? मैंने कहा था कि वो रात को गाते हैं, मैं पढ़ नहीं पाती. मैंने ही कहा था."

एकतीस वर्षांची मुलगी, आणि चौदा वर्षं हे मनात घेऊन फिरत होती.

"नाही," वसुधा म्हणाली. "तुझ्यामुळे नाही. तुझी परीक्षा मी पुढे केली." तिने विश्वासकडे पाहिलं नाही. "आपल्याकडे डिपार्टमेंटची माणसं जेवायला आली होती. दिल्लीहून एक मोठे प्रोफेसर आले होते. सदा आंघोळ करून तसाच बाहेर आला, टॉवेलसुद्धा नाही, आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला, पाठ पुसून दे म्हणून. कुणी हसलं नाही. सगळे फार चांगले वागले. मला त्या चांगुलपणाची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी जागा शोधायला लागले. तुझी परीक्षा त्यानंतर आठ महिन्यांनी होती."

वल्लरी उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली. "आपने मुझे क्यों नहीं बताया," ती तिकडूनच म्हणाली. "मैं इतने साल..."  न जेवता गेली. दोन आठवडे तिचा फोन आला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका ओळीचा मेसेज आला, मराठीत: मामांचा पालक म्हणून माझं नाव घाला.

कागद पुन्हा केले गेले. हरलीन कौरने आडवी रेघ खोडून सदाशिव आपटे हे नाव लिहिलं, नातं लिहिलं, आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. त्याच्या देखभालीसाठी वेगळी तजवीज केली. संस्थेचा वाटा त्याच्या नंतरही राहील असं लिहिलं. शिष्यवृत्ती वगळावी लागली. सही करताना वसुधाला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. मेल्यावर द्यायचं ते देऊन झालं होतं. जिवंतपणी द्यायचं होतं त्यातलं काही कागदावर मावणारं नव्हतं.

ती दर शनिवारी जायला लागली. पहिल्यांदा डब्यात वरणभात नेला. सदाशिवने एक घास खाल्ला, डबा बाजूला सरकवला आणि राजमा मागितला. ती वाफ्याशी बसायची, त्याच्याशी मराठीत बोलायची. तो ऐकायचा की नाही, कळायचं नाही. एकदा तिने आईचं अंघोळीच्या वेळचं बडबडगीत म्हटलं तेव्हा त्याचे हात थांबले. बाकी काही नाही. 'मेथीवाली मैडम' एवढीच तिची ओळख त्याने ठेवली होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी पुण्याहून विश्वासचे पाहुणे आले आणि जाणं जमलं नाही. दुपारी गजरेल्याचे, म्हणजे गाजरहलव्याचे, बाऊल हातात घेऊन सगळे गच्चीवर उन्हात बसले होते, गप्पा चालल्या होत्या. वसुधाला एकदम जाणवलं, की आज आपल्याला मोकळं वाटतंय. डेराबस्सीला जायचं नाही म्हणून मोकळं वाटतंय. तीच ती जुनी सुटका होती. इतकी ओळखीची, की तिला आपलीच भीती वाटली. चौदा वर्षं अशीच एकेक भेट चुकवत गेली होती, आणि प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं.

पाहुणे रविवारी संध्याकाळपर्यंत राहणार होते. तिने सकाळी उठून त्यांच्यासाठी पोहे करून झाकून ठेवले, विश्वासला सांगितलं, आणि धुक्यात दिवे लावून एकटीच गाडी काढली.