टाकीत कोंडलेली हवा

मी एक कॉम्प्रेसर आहे, हवा दाबून भरणारा. लाल टाकी, वर मोटर, काळा पट्टा, पुढे काट्याचं मीटर. जळगावला मेहरूणमधल्या एका घरामागे, पत्र्याच्या खोलीत उभा आहे. इथे आल्यापासून माझ्याशी कोणी धड वागलेलं नाही. तेव्हा मीही गोड बोलणार नाही.

जन्म राजकोटचा. तिथे पत्रा गोल वाकवून माझी टाकी जोडली आणि मला धुळ्याला धाडलं. देवपूरच्या एका गॅरेजात मी उतरलो. गॅरेज दोन मित्रांचं. पितांबर चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करायचा, हेमराज त्या रंगवायचा. विकत मला हेमराजने घेतलं होतं.

हेमराजबद्दल आता सगळे चांगलंच बोलतात. मेलेल्याबद्दल तसं बोलायची तुमची रीतच आहे. हात त्याचा चांगला होता, हे मीही मान्य करतो. रंग कुठे ओघळायचा नाही. पण माझ्याकडे तो वळून बघायचा नाही. माझ्यावर ओले बोळे वाळत टाकायचा, चहाचे ग्लास ठेवायचा. पट्टा किंचाळायला लागला की मला लाथ घालायचा आणि मोठ्याने गाणं म्हणायचा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, महिनाभर आधी तो गेला. सुट्टीला जळगावला घरी येत होता, एरंडोलजवळ ट्रकने मोटरसायकल उडवली.

तिसऱ्या दिवशी एक रिक्षावाला गॅरेजच्या दारात येऊन बसला. त्याची रिक्षा अर्धी रंगवलेली, पोटापाण्याचा धंदा बंद. पितांबरने शटर अर्धं खाली ओढलं आणि सुतकातच मला चालू केलं. हेमराजने भरलेली हवा तेव्हाच संपली. पुढे रिक्षा होईपर्यंत मी भरत गेलो, तो वापरत गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दुःखाचं की थिनरचं ते मला कळलं नाही. काम झालं, त्याने बटण बंद केलं. टाकी भरलेलीच राहिली.

तेरावं झालं आणि हेमराजचा धाकटा भाऊ प्रेमराज टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. हा मेहरूणला घरामागे खिडक्यांच्या जाळ्या जोडतो. शाळा लवकर सुटली, राग काही सुटला नाही. जाळ्या याने जोडायच्या आणि हेमराजने घरी येऊन त्या रंगवायच्या, असं दोघा भावांचं ठरलं होतं.

"प्रेम, दोन कामं अर्धी शेत," पितांबर म्हणाला. "ती व्हवू दे, मंग ली जाय."

"मन्हा भाऊनं मशीन शे. मी आजच ली जास."

"बरं, मंग आधी हवा सोड. भरेल टाकी कोणी उचलस का?"

प्रेमराज माझ्यापुढे उकिडवा बसला. काटा वर होता. त्याने काचेवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

"ही हवा त्यानी भरेल शे," तो म्हणाला. "कोणी हात लावाना नही."

भागीदाराच्या सुतकात दुकान चालवलं, हे पितांबर कोणत्या तोंडाने सांगणार? मला तोंड असतं तर मी तिथेच सांगून मोकळा झालो असतो.

टेम्पोवाला तोताराम माझ्याभोवती एक फेरी मारून आला. "भाऊ, मी केळी वाहस. बॉम्ब नही वाहस."

"तू गाडी चालाव. बोलू नको."

मला आडवं घातलं. आडवं घालू नये एवढं कोणालाही कळतं, पण रागावलेल्या माणसाला कोण सांगणार? पारोळा येईपर्यंत माझ्या मोटरशेजारचं तेल गळून टेम्पोत पसरलं. प्रेमराज मागे माझ्यापाशी बसला होता. खड्डा आला की दोन्ही हातांनी टाकी कवटाळायचा आणि तोतारामला शिव्या द्यायचा.

मेहरूणच्या बोळात टेम्पो शिरेना. चार शेजाऱ्यांनी बांबूला दोर बांधून मला खांद्यावर घेतलं. एकाने विचारलं, "यान्हामा दगड भरेल शेत का?" कोणी हसलं नाही. पत्र्याच्या खोलीचं दार अरुंद निघालं, तेव्हा प्रेमराजने हातोडा घेऊन चौकटच फोडली.

"घर पाडस का आते?" त्याची आई लताबाई ओरडली.

"पाडस. तुले काय करनं शे?"

असा मी घरात आलो. वाटलं, आता निदान काम तरी मिळेल. काम कसलं? त्याने माझं बटण दोरीने बांधून टाकलं. गंजलेल्या जाळ्या भिंतीला टेकून रंगाची वाट बघत राहिल्या आणि हा रोज सकाळी माझा काटा बघायला येऊ लागला.

काटा उतरत होता. उतरणारच. जगात अशी टाकी नाही जी हवा कायम धरून ठेवील. पण प्रेमराजला चोर हवा होता. आधी त्याने आईला धरलं.

"तू झाडता झाडता काहीतरी फिरावं."

"माले काय करनं शे तुन्ही हवानं? मन्हा पोऱ्या गया, हवा काय ली बसनास?"

मग त्याने साबणाचा फेस करून माझ्या सगळ्या सांध्यांना फासला. नळी टाकीत शिरते तिथे एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. सापडलं. पण हा सांधा नीट करायचा तर आधी उघडावा लागतो, आणि उघडला की सगळी हवा एका क्षणात जाते. प्रेमराज पान्हा हातात धरून बसून राहिला. शेवटी त्याने वरून पत्र्याच्या भेगा बुजवायची लांबी थापली. दुसऱ्या दिवशी लांबीतूनही बुडबुडा आला. त्याने मला एवढ्या जोरात लाथ मारली की स्वतःच लंगडत बाहेर गेला.

मी कोणाच्या अस्थींचं मडकं नाही. मला रोज सकाळी डोळे फाडून बघणारा माणूस नको होता.

आखाजी आली. आमच्या खानदेशात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि परक्या घरच्या एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. लताबाईंनी पितांबरला बोलावलं.

"त्याले बसाडस? हेमाना पाटवर?"

"दुसरा कोण शे त्याना? तू त्याना संगे राहे का धुळाले?"

पितांबर आला तो पाटावर न बसता आधी माझ्याकडे आला. काटा तळाला टेकत आला होता. त्याने वाकून माझ्या पोटाखालच्या लहान नळाकडे हात नेला. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन तळाला साचतो. तो रोज काढावा लागतो, नाहीतर टाकी आतून गंजते.

"पाणी काढं का रे यानं?"

प्रेमराजने त्याचं मनगट धरलं. "तूच काहीतरी ढिलं करी दिधं. गॅरेजमाच. भाऊनी हवा मन्हाकडे राहू नही म्हनीसन."

"प्रेम, सणना दिवस शे."

"भाऊना कामं लिधात, गिऱ्हाईक लिधं. तू त्यानी हवा बी चोरी."

"कोनी चोरी?" पितांबरचा आवाज चढला. "ती हवा मन्ही शे. तिसरे दिवस मी मशीन चालू करं, सुतकमा. रिक्षावाला दारमा बठेल व्हता. हेमानी हवा तव्हयच सरनी. आते मार माले."

प्रेमराजने मारलं. पितांबरचा ओठ फुटला. दारात लताबाई उभ्या होत्या, घागरीवर ठेवायचं खरबूज हातात घेऊन.

मग प्रेमराज खाली बसला आणि त्याने माझा नळ पूर्ण फिरवला. हवा थोडीच होती, एक बारीक फुसकारा देऊन गेली. तिच्यामागून पाणी आलं. तांबूस, तेलकट, कुबट वासाचं. येतच राहिलं. त्याच्या पायाखालून वाहत उंबऱ्यापर्यंत गेलं.

"हे काय शे?"

पितांबर ओठ पुसत म्हणाला, "हे मन्हं नही. हे सारं हेमानं. रोज सांगू त्याले, पाणी काढ. एक दिवस काढं नही त्यानी."

"पाय काढ त्यामाईन," लताबाई म्हणाल्या.

प्रेमराजने पाय काढले नाहीत. पाणी थांबेपर्यंत तो बघत राहिला.

"आळशी व्हता," तो म्हणाला.

"भलताच," पितांबर म्हणाला.

पितांबर फुटक्या ओठाने पाटावर बसला आणि जेवला. प्रेमराज जेवायला गेला नाही. संध्याकाळी लताबाईंनी जमीन धुतली, मला मात्र पुसलं नाही.

आता मी रिकामा आहे. नळ उघडाच आहे, काटा शून्यावर. प्रेमराज दारापर्यंत येतो, आत बघतो आणि निघून जातो. माझं त्याच्यावर प्रेम नाही, त्याचं माझ्यावर नाही. पण तो सांधा आता उघडायला काही हरकत उरलेली नाही, आणि जाळ्या भिंतीला टेकून गंजतायत. बाबा, तू ये. शिव्या देत आलास तरी चालेल. फक्त पान्हा घेऊन ये.