अंगणाची लांबी

१९६८ साली माझी धाकटी बहीण मंजुळा स्टुडिओतल्या एका अंगणातून माझ्याकडे चालत निघाली. ती अजून पोचलेली नाही.

अंगण खोटं होतं. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओचा फ्लोअर मी भाड्याने घेतला होता. त्यात सुतारांनी प्लायवूडचं घर उभं केलं होतं. पुढे तरटावर माती थापून सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या टोकाला लाकडी फाटक. दारातून भिरकावलेली चप्पल फाटकाबाहेर पडावी, एवढंच ते अंतर.

निर्माती मी होते. नवरा गेल्यावर शाहूपुरीतली गुळाची अडत माझ्याकडे आली होती आणि ती मी नीट चालवत होते. सिनेमा काढणार म्हटल्यावर बाजारात हसू झालं. एक व्यापारी तोंडावर म्हणाला, "वैनी, गुळाला मुंगळे लागत्यात तेवढं बास न्हाई का? आता नटबी लावून घेताय!" मी त्याला चहा पाजला आणि कच्च्या फिल्मच्या लायसनवाल्यांकडे, स्टुडिओवाल्यांकडे, मुंबईच्या वितरकांकडे खेटे घालत राहिले. बहुतेकांनी मला कुणा पुरुषाला घेऊन यायला सांगितलं. मी पुन्हा एकटीच जायची.

गोष्ट माझीच होती. एक मुलगी घर सोडून निघते आणि तिची मोठी बहीण आयुष्यभर तिला शोधते. लहानपणी मंजुळेचे केस विंचरताना मी ती सांगायची. ती दर वेळी विचारायची, "मग सापडते का गं?" मी म्हणायची, "शेवट अजून सुचला नाही." नायिका म्हणून मी तिलाच घेतलं. बाहेरची नटी घ्यायची तर तिची आईही सांभाळावी लागली असती.

मुहूर्ताला कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. ताज्या रंगाचा आणि सरसाचा वास फ्लोअरभर होता. पहिला शॉट सिनेमातलाही पहिलाच होता. मंजुळा दारात येणार, "जाते मी, आक्का" म्हणणार, अंगण ओलांडून फाटकाबाहेर, कॅमेऱ्याच्या अंगावरून निघून जाणार. फाटकाबाहेर कॅमेरामन अब्बास मुजावर होते, त्यांच्याशेजारी दिग्दर्शक रंगराव इंगवले आणि मागे खुर्चीवर मी.

माझ्या आत्याबाई मुहूर्तासाठी मुद्दाम गडहिंग्लजहून आल्या होत्या. तालीम ऐकून त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"मुहूर्ताला 'जाते' म्हणत्यात व्हय गं? काय रीतभात हाय का न्हाई?"

रंगराव म्हणाले, "आत्याबाई, गोष्टीत ती जातेच."

"गोष्टीत जाऊ दे की. त्वांडानं येते म्हण म्हणावं."

रंगरावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. घरातून निघताना आम्ही कुणीच कधी जाते म्हणालो नव्हतो.

कॅमेरा सुरू झाला. मंजुळा दारात आली. अंगावर अंजिरी लुगडं, पायात नव्या चपला, मान खाली. "येते हं आक्का," ती म्हणाली आणि अंगणात उतरली. ती फाटकाबाहेर पडली की कट म्हणायला रंगरावांनी हात वर केला.

मंजुळा चालत राहिली. ती थांबली नव्हती, पावलं नेहमीच्या चालीने पडत होती, पण फाटक आलं नाही. तिच्यापुढचं सारवलेलं अंगण तेवढंच राहिलं आणि मागचं घर लहान होत गेलं. दुपारी ते काडेपेटीएवढं दिसत होतं.

"येतीय," मुजावर कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले.

"दुसरा शॉट कधी लावायचा?" मी विचारलं.

"हा संपल्यावर."

संध्याकाळी त्यांची कच्ची फिल्म संपत आली. त्यांनी डोळा न काढताच विचारलं, "आक्का, लांबी संपली. कुठनं आणू?"

मी बहिणीकडे बघत होते. म्हणाले, "घरातून घ्या माझ्या. पण थांबवू नका."

घरी गेले तर घराचा पुढचा सोपा आखूड झाला होता. रोज मी सोप्यावर आडवी पडून पेपर वाचायची. त्या दिवशी पाय उंबऱ्याबाहेर गेले. मुजावरांच्या कॅमेऱ्यात मात्र नवी रिळं भरलेली होती.

त्यानंतर ते तसंच चाललं. मंजुळा जेवढी चालायची, तेवढी लांबी माझ्याकडून जायची. माजघर गेलं, मग मागचं परडं. परड्यातली विहीर आणि चूल इतकी जवळ आली की पोहरा थेट पातेल्यात रिकामा करता यायचा. अडतीतली कोठारं फळीसारखी अरुंद झाली. हमाल ढेपा उभ्या लावायला लागले आणि नंतर येईनासे झाले. मला वाईट वाटलं, पण जे जात होतं ते कुठे जातंय हे मला समोर दिसत होतं. तिच्या पावलाखाली.

तिच्याशी बोलता यायचं. फक्त आवाज पोचायला वेळ लागायचा. दिवाळीत मी ओरडून विचारलं, "मंजे, पाय दुखतात का गं?" संक्रांतीला उत्तर आलं. "नाही गं. चपला नव्या आहेत, चावतात जराशा."

तिच्यासाठी अजून तीच सकाळ होती. एकदा तिने विचारलं, "चहा ठेवलायस का?" मी ठेवला. रोज ठेवायची, आणि रोज तो रंगराव प्यायचे. त्यांचा वर केलेला हात खाली येत नव्हता, म्हणून कप डाव्या हाताने धरायचे.

वितरक राजाध्यक्ष मुंबईहून आले तेव्हा मंजुळा निघून बरीच वर्षं झाली होती. मी कित्येकांना पत्रं लिहिली होती, त्यांपैकी कुणाला तरी दया आली, असं मला वाटलं. रंगरावांनी त्यांना झालेला भाग पडद्यावर दाखवला. राजाध्यक्ष भाजलेल्या शेंगा सोलत दोन दिवस बघत बसले.

"छान चालते," ते म्हणाले. "चेहराही गोड आहे. पण बाई, पोचते कधी?"

"येतीय की," मी म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण प्रेक्षकाला रात्री घरी जायचं असतं. त्याची बायको वाट बघत असते."

"मग काय करावं?"

त्यांनी हातावरची फोलपटं फुंकली. "सोपं आहे. तिचा तो पहिला शब्द बदला. 'येते' पुसा आणि 'जाते' भरा, डबिंगमध्ये. मुळात पटकथेत तेच आहे ना? जाते म्हणाली की ती जाईल. तुमच्या शेजारून फाटकाबाहेर पडेल, शॉट संपेल, दुसरा लावा. बाकीचा सिनेमा मी पुरा करून देतो. पुढच्या गणपतीत थेटरात लागेल."

"आणि मंजुळा?"

"म्हणजे?"

"फाटकाबाहेर पडल्यावर?"

"बाई, ते तुमच्याच गोष्टीत आहे. ती जाते, मग तिची बहीण तिला शोधते. पुढचा सगळा सिनेमा तोच आहे की!"

मंजुळेचा आणि माझा आवाज इतका सारखा होता की आत्याबाई स्वयंपाकघरातून हाक मारताना दोघींचंही नाव घ्यायच्या. म्हणून डबिंग मीच करायचं ठरलं.

आदल्या दिवशी मी अडतीत जाऊन बसले. दोन्ही भिंती खांद्यांना लागत होत्या. मी त्या सिनेमाचा विचार केला. अंधारात माणसं बसली आहेत, पडद्यावर माझी गोष्ट आहे, मागच्या ओळीत कुणीतरी नाक ओढतंय. हे मला किती हवं होतं, ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एकट्या बाईने सिनेमा काढला, असं बाजारात म्हटलं जाईल, यासाठी नाही. लहानपणी शेतात तंबू ठोकून दाखवलेला एक खेळ मी पडद्याच्या मागच्या बाजूने बघितला होता, सगळं उलटं. तेव्हापासून मला एकदा पुढून बघायचं होतं, आणि ते माझं असायला हवं होतं.

डबिंगच्या खोलीत भिंतींना गोणपाट लावलं होतं. काचेपलीकडे रंगराव, एक हात वर, दुसरा बटणावर. राजाध्यक्ष मागच्या बाकावर. पडद्यावर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. दार, अंजिरी लुगडं, हलणारे ओठ. आवाज पुसलेला होता. ती न बोलता अंगणात उतरत होती आणि पुन्हा दारात येत होती.

"ओठ हलले की म्हणायचं," रंगराव म्हणाले. "जाते मी, आक्का. घाई करू नका."

ओठ हलले. मी गप्प राहिले.

"चुकलं तर चालतंय. परत घेऊ."

पुन्हा ओठ हलले. मी तोंड उघडलं. 'जा' टाळूपर्यंत आला होता. तेवढ्यात पडद्यावर उजव्या पायाच्या अंगठ्याशी चपलेचा अंगठा ताणलेला दिसला, आणि पाऊल टाकताना तिने किंचित ओठ चावला.

मी म्हणाले, "ये."

फिल्म फिरून पुन्हा दाराशी आली.

"आक्का," काचेपलीकडून रंगराव म्हणाले, "हा डायलॉग पटकथेत न्हाई."

"असू दे."

"मंजुळाचाबी न्हाई हा. ये म्हणणारं माणूस फाटकाच्या अल्याड असतंय. आता तिथं कुणीतरी उभं पायजे."

"मी आहे ना."

रंगरावांनी बटणावरचा हात काढला. "मग तुम्हीबी शॉटमधी आला. शॉट संपेपर्यंत तुम्हाला हलता यायचं न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

राजाध्यक्षांनी शेंगांचा पुडा खिशात घातला. ते येतोही म्हणाले नाहीत, जातोही म्हणाले नाहीत. "निघतो मी," म्हणाले, आणि खरोखरच निघाले. दारातून बाहेर पडले, जिना उतरले, रिक्षात बसले. ते इतकं सरळ झालं की मी आणि रंगराव खिडकीतून बघतच राहिलो.

त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीवर आहे. फिल्मवर भरलेला माझा आवाज त्याच संध्याकाळी तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण मंजुळेने पहिल्यांदाच मान वर केली आणि समोर बघितलं. ती भरभर चालायला लागली. मला हायसं वाटलं. पण भरभर चालणाऱ्याला लांबीही भरभर लागते. उरलेलं घर एका आठवड्यात गेलं. अडत गेली. मग गल्लीतला माझ्या दारापुढचा भाग. शेजारी माझ्यावर रागावले नाहीत, फक्त त्यांची दारं एकमेकांना चिकटली आणि मधलं माझं घर कुठे होतं, ते त्यांना सांगता येईना.

राजाध्यक्षांचं चांगलं झालं. त्यांचे सिनेमे चालले. दर पाडव्याला ते स्टुडिओत फोन करायचे, विचारायचे, "आली का?" आम्ही म्हणायचो, "येतीय." नंतर फोन त्यांचा मुलगा करायला लागला, मग तोही बंद झाला.

रंगरावांचा हात शेवटपर्यंत वरच राहिला. त्यांना दुसरा सिनेमा मिळाला नाही, कारण ते अजून या शॉटमध्ये होते, पण एस.टी. त्यांच्यासाठी कुठेही थांबायची, आणि त्यांनी त्यावर पुष्कळ प्रवास केला. कट हा शब्द तोंडात तसाच धरून ते गेले.

आत्याबाई मुहूर्ताच्या दुपारी "येते गं" म्हणून गडहिंग्लजच्या गाडीत बसल्या आणि कोल्हापुरातच उतरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा इथेच. "ही गाडीच खुळी हाय," म्हणायच्या. त्यांनी मग माझ्याजवळच बिऱ्हाड केलं. फार थकल्यावर एका सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि स्पष्ट म्हणाल्या, "जाते बग आता." मी त्यांना अडवलं नाही.

मुजावर कॅमेऱ्यापाशी म्हातारे झाले आणि निगेटिव्हसारखे होत गेले. पांढरे झालेले केस काळे झाले, दात काळे, आणि जमिनीवर त्यांची सावली पांढरी पडायला लागली. डोळा मिटण्याआधी त्यांनी मला रीळ भरायला शिकवलं. त्यांच्या कबरीशेजारी दुपारी एक पांढरा पट्टा दिसतो, असं त्यांची सून सांगते.

आता रीळ मीच भरते. घर नाही, अडत नाही, गल्ली नाही. तरी सकाळी फिल्मचा डबा भरलेला असतो. लांबी कुठून येते, हे मला खुर्चीवर बसल्यावर कळतं. पाय आता जमिनीला टेकत नाहीत. डॉक्टर म्हणतात, या वयात मणके दबतात. पातळ नेसताना मी दर वर्षी जास्त निऱ्या खोचते.

मंजुळा अगदी जवळ आली आहे. कपाळावरचा घाम दिसतो. बोललेलं लगेच ऐकू येतं. आज सकाळी ती म्हणाली, "आक्का, कुठे आहेस गं?"

"इथेच," मी म्हणाले.

ती समोर बघत होती, निघाली तेव्हा माझा चेहरा जिथे होता तिथे. माझ्या डोक्यावरून. तिने फाटकाकडे हात पुढे केला आहे. मी खुर्चीवर चढून उभी राहिले आहे, टाचा उचलून.