शेवड्यांच्या गणपतीची पाठ

शेवडे घराण्यात गेल्या तीनशे वर्षांत कोणीही गणपतीची पाठ पाहिलेली नाही. त्या पाठीला दारिद्र्य असतं. अण्णा शेवडे हे सांगत होते तेवढ्यात, चौऱ्यांशी सालच्या हरतालिकेला दुपारी सव्वाचार वाजता, आम्ही सगळ्यांनी ती पाहिली.

पाठ नुसत्या शाडूची होती, रंग न दिलेली. मूर्तींची अदलाबदल होऊ नये म्हणून रावजी मूर्तिकाराने तिच्यावर पेन्सिलीने 'शेवडे' असं लिहिलं होतं. मखरामागच्या आरशासारख्या पत्र्यात ते उलटं दिसत होतं, पण वाचता येत होतं. दारिद्र्याचा पत्ता इतका स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पत्रा भागोजीने बसवला होता. मांडवीच्या रस्त्याला त्याचं दुकान. गोड्या तेलाचे रिकामे डबे कापून तो नरसाळी, झाकणं आणि पागोळ्यांना पन्हळी करायचा. तीस वर्षांत कोणी त्याच्या हातात कोरा पत्रा दिला नव्हता. लोक डबा द्यायचे आणि वर सांगायचे, उरलेल्याची किसणी कर.

अण्णांनी दिला, त्याला कारण त्यांच्या पत्नी, कमलाकाकू. श्रावणात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला दोरी बांधून तिच्या टोकाला दोन विटा लोंबत सोडलेल्या. दीड महिना कूस बदलायची नाही, खाट हलवायची नाही. त्यांच्या खोलीचं दार माजघरातच उघडायचं, पण अशा कोपऱ्यात की खाटेवरून माजघराची समोरची भिंत तेवढी दिसे, गणपती बसतो ती जागा नाही.

"बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो यायचा आणि मला दिसायचा नाही," असं त्या एकदाच म्हणाल्या आणि लगेच मोदकांच्या पिठीची चौकशी करू लागल्या.

काही करता येण्यासारखं नसलं की पुरुषमाणूस खर्च करतो. अण्णांनी जाहीर केलं की यंदा मखर झगझगीत व्हायला पाहिजे.

एका हॉटेलच्या सजावटीतून उरलेले ॲल्युमिनियमचे तीन आरसापत्रे बाजारात एका दुकानी होते. भागोजीबरोबर मी गेलो, कारण मी शेवड्यांचा भाडेकरू आणि कॉलेजला सुट्टी. भागोजीने एकेक पत्रा उभा करवला, निळ्या प्लास्टिकचा कोपरा चार बोटं सोलला आणि तिरक्या नजरेने आत छतावरची ट्यूबलाइट पाहिली. पहिल्यात ती वाम माशासारखी वळवळली. दुसऱ्यात मध्येच मोडली. तिसऱ्यात सरळ राहिली. तिथे त्याने नखाने कडेची झिलई सुटते का तेही पाहिलं. दुकानदार म्हणाला, लोक न बघता घेऊन जातात.

"मी पन आजवर डबेच घेतले," भागोजी म्हणाला. "त्यात काय बगायचं?"

पत्रा आडवा धरला की मध्ये पोट सुटतं आणि मग ते जात नाही, म्हणून उभाच न्यायचा. बोटांचा घाम लागला की डाग पडतो, म्हणून हातात मोजे. मोजे माझे होते, पायातले. समुद्रावरून वारा आला की पत्रा शिडासारखा फुगायचा आणि एक प्राध्यापक व एक पत्रेवाला मिळून चार पावलं बंदराच्या दिशेने जायचे. एका बाईंनी विचारलं, कुठे निघालात. विचारायलाच हवं होतं.

घरी त्याने तो प्लायवुडवर चिकटवला, खिळा न मारता. प्लास्टिक उन्हात सोलायचं नाही, डिंक धरतो, असं म्हणून सावलीत वीतवीत सोललं. कामाला येणारी विमला चिंच आणि राख घेऊन घासायला तयारच होती. तिला त्याने ओलं फडकं दिलं आणि नुसतं बघत बसायला सांगितलं. खरंच बघत बसण्यासारखं होतं. माजघरात दुसरं माजघर झालं होतं.

मग गणपती आला, चौरंगावर बसला, अण्णांनी परंपरा सांगायला घेतली आणि पाठ दिसली.

विमलाने डोळ्यांवर पदर घेतला.

"भागोजी," अण्णा म्हणाले, "काढ तो पत्रा."

भागोजीने सुतळ्या सोडल्या. वाद घातला नाही; इतकंच की मोजे पुन्हा हातात चढवले. पत्रा काढून टाकायचा होता तरी त्याला बोट लागू द्यायचं नव्हतं. एक टोक त्याने धरलं, एक मी. दारातून बाहेर काढताना तो वळेना, म्हणून आम्ही तो समोरच्या भिंतीला तिरका टेकवला.

खोलीतून काकूंचा आवाज आला. "थांब. हलवू नकोस."

आम्ही थांबलो.

"जरा खाली वाकव. अजून. हं."

अण्णा आत गेले, उशीजवळ गुडघे टेकून डोकं काकूंच्या डोक्याला लावलं, त्यांना दिसत होतं ते पाहिलं आणि बाहेर येऊन, न सांगता, पत्र्याचं माझ्याकडचं टोक धरलं. खाली टेकू द्यायला वीट हवी होती. घरात विटा दोनच होत्या आणि त्या काकूंच्या पायाला होत्या. मी अंगणातून चिऱ्याचा तुकडा आणला.

काकूंनी हात जोडले. भागोजी पत्र्याला लागूनच उभा होता, तो गडबडीने बाजूला झाला.

"वैनी, देव तिकडं हाय, आरशात."

"दिसतोय. त्याला मघाशी केला," काकू म्हणाल्या. "हा तुला."

भागोजीने हातातले मोजे काढले, नीट घडी घातली आणि मला परत दिले. नंतर तो बराच वेळ चिऱ्याचा तुकडा हलतोय का ते पाहत राहिला. तो हलत नव्हता.

पाच दिवस आरती होताना आम्ही सगळे पत्र्यापासून दोन्हीकडे सरकून, मध्ये वाट सोडून उभे राहायचो. काकू खाटेवरून टाळ्या वाजवायच्या, किंचित मागे पडून.

शेवड्यांचा गणपती डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं फार कडक, ते या घरात झेपायचं नाही, असं अण्णा नेहमी सांगतात. पत्र्यात सोंड पाचही दिवस उजवीकडे होती.