पाटावरची डिस्क

दसऱ्याला पेटी-पखवाजाची पूजा होते, मग गाण्याच्या डिस्कनं काय घोडं मारलंय, असं जयवंतबुवांच्या मनात आलं. त्यांनी ती चालू कॉम्प्युटरमधून उपटली आणि पाटावर बसवली. त्या वेळी तिच्यात गणपतीचे फोटो उतरत होते. लालबागच्या या भजनीबुवांनी डबलबारीच्या सामन्यांत भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं, पण घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बसला तो बसलाच. आता तो त्या डिस्कवरच काय तो उरला होता.

पूजेनंतर डिस्क परत लावली, तर पडद्यावर प्रश्न आला: फॉरमॅट करायची का?

"हो म्हणू?" बुवांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हात नका लावू, पप्पा!" अक्षदा ओरडली. दादरच्या ऑफिसात ती लोकांच्या मेलेल्या डिस्का जिवंत करायची आणि घरात वडिलांनी हा पराक्रम केला होता. चिडावं की रडावं, तिला कळेना.

तिनं आधी डिस्कची नक्कल काढायला लावली. श्रीखंड-पुरी झाली, सोनं द्यायला लोक येऊन गेले, तरी नक्कल आपली चालूच.

"डिस्क म्हणजे चाळ धरा. तिच्या जिन्याखालचा नावांचा फळा पुसलाय," तिनं समजावलं. "भाडेकरू, म्हणजे तुमची गाणी, आपापल्या खोलीत आहेत, पण पोस्टमनला कळणार कसं?"

"मग गं?"

"एवढ्याच खोल्यांची रिकामी चाळ बांधते, कॉम्प्युटरवरच, एका फाईलमध्ये. तिचा फळा काढून आपल्या नकलेला लावते. खऱ्या डिस्कला हात नाही."

फळा लावला, पण गाण्यांचा फोल्डर काही दिसेना. बुवा पाटावरच्या पेटीकडे बघत बसले. ऑपरेशननंतर तिला फक्त दसऱ्याचं फूल मिळायचं.

मग अक्षदानं कपाळावर हात मारला. ही डिस्क आधी टीव्हीला लावलेली. टीव्हीनं सुरुवातीची जागा स्वतःसाठी अडवून ठेवली होती. म्हणजे एक नंबरची खोली तळमजल्यावर नव्हतीच, पहिल्या माळ्यावर होती! तिनं तशीच चाळ नव्यानं उभारली आणि फळा बदलला.

फोल्डर उघडला. बुवांचा खणखणीत, वरच्या पट्टीतला गजर घरभर घुमला. अक्षदाची आई सीमा भांडी टाकून ओल्या हातांनीच दारात आली.

बुवांनी पेटी पुढ्यात ओढली. भाता हलला तशा झेंडूच्या पाकळ्या मांडीवर सांडल्या. स्वतःच्याच आवाजामागून त्यांची बोटं धावू लागली. रेकॉर्डिंग संपलं, तरी पेटी थांबेना. तेव्हा सीमानं गजर उचलला आणि अक्षदानं डोळे पुसत मागून साथ धरली.

शेवटी बुवा डिस्कपुढे हात जोडायला वाकले.

"लांबूनच," अक्षदा म्हणाली.