वीस लाखांचा फरक

निवडणूक जाहीर झाली की आमच्या कार्यालयात मान वर करायला फुरसत नसते. काम एकच. उमेदवार जे जे द्यायचं बोलतो, त्याला केंद्राच्या तिजोरीतून किती पैसे लागतील ते काढायचं. ते चांगलं की वाईट, हे आम्ही सांगायचं नाही. फक्त किती, एवढंच. कायदाच आहे तसा. उमेदवारानं लेखी प्रस्ताव द्यायचा, एकवीस दिवसांत आम्ही अंदाज द्यायचा, आणि तेवढे पैसे कुठून आणणार हे त्याला दाखवता आलं नाही तर प्रस्ताव मागे घ्यायचा. हा कायदा होण्याआधी सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात होता. आता निदान तांदूळ किती लागेल ते तरी कळतं.

मी या कामात सव्वीस वर्षं काढली. माझ्या माघारी मला ‘दशांश’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणेनात का. चुकीच्या जागी पडलेला एक दशांश काय करतो, हे म्हणणाऱ्यांनी निस्तरलेलं नाही, मी निस्तरलंय.

या वेळी माझ्याकडे आलेला प्रस्ताव असा होता : घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं दिवसाला चार तासांहून जास्त करणाऱ्या घरच्या माणसाला महिना भत्ता द्यायचा, आणि त्यात गेलेली वर्षं, मागचीसुद्धा, नोकरीची वर्षं म्हणून पेन्शनला धरायची. उमेदवार निवडून येण्यातला होता, म्हणजे हे होण्यातलं होतं. फाईल उघडली तशी बंद केली आणि बाईंकडे गेलो. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. म्हटलं, माझे वडील अकरा वर्षं अंथरुणावर आहेत, ही फाईल दुसऱ्या कोणाला द्या.

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अहो, आजारी माणूस कोणाच्या घरी नाही? सगळ्यांना बाजूला काढलं तर अंदाज काय शिपायानं काढायचा? तसं लिहून द्या आणि कामाला लागा."

लिहून दिलं आणि कामाला लागलो.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा माझी धाकटी बहीण चौतीस वर्षांची होती. रक्त तपासायच्या एका मोठ्या लॅबमध्ये नऊ वर्षं नोकरी झालेली. हात इतका हलका, की सुई टोचली तरी पोरं रडायची नाहीत म्हणे. आधी सहा महिन्यांची रजा घेतली, मग नोकरी सोडली. सोड असं मी म्हणालो नव्हतो. सोडू नकोस असंही म्हणालो नव्हतो. आम्ही दोघंही बिनलग्नाची. माझं जमलं नाही, तिचं राहून गेलं. या दोन गोष्टी एक नव्हेत, पण हे कळायला मला फार वर्षं लागली.

पेन्शनला पंधरा वर्षं भरावी लागतात. तिची नऊ. माझ्यानंतर तिच्या हातात काय, हा प्रश्न घरात कोणी काढत नसे. साबणापासून चपलेपर्यंत सगळं ती माझ्याकडे मागायची, मी द्यायचो, आणि दिले की मला आपण फार चांगले भाऊ आहोत असं वाटायचं.

प्रस्तावाची बातमी तिनं रेडिओवर ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना खिमट भरवता भरवता म्हणाली, "दादा, मागची वर्षं खरंच धरणार का रे?"

"मला काही बोलता येत नाही."

"बरं, नको बोलूस." मग बाबांचं तोंड पुसत त्यांनाच म्हणाली, "नऊ आणि अकरा वीस. पाच उरतात, बाबा. ती कोणाला देऊन टाकू?"

बाबांची वाचा गेलेली, पण हसू शिल्लक आहे. ते हसले. संध्याकाळी घरी आलो तर तिनं नोकरीचे जुने कागद काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. मी ते पाहिलं नाही असं केलं.

अंदाजाची रीत सोपी आहे. माणसं किती, गुणिले माणशी खर्च किती. माणशी खर्च भत्ता आणि पेन्शन मिळून वर्षाला ऐंशी हजार निघाला. माणसं किती, हे सहा वर्षांपूर्वीच्या घरोघरच्या सरकारी पाहणीतून घ्यायचं. तिथला प्रश्न एकतीस : घरातलं कोणी आजारी माणसाची देखभाल करतं का? दिवसाला किती तास? हो म्हणणारी निघाली एकोणीस लाख. म्हणजे पंधरा हजार दोनशे कोटी. उमेदवारानं सोळा हजार कोटींची सोय दाखवली होती. आकडा बसला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एखादा आकडा बसल्याचा मला आनंद झाला. तिथेच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

आमच्याकडे एक नवी मुलगी आहे. तिला सगळे शंकासूर म्हणतात, आणि ती ते बिरुद मिरवते. माझा हिशोब तपासायला तिच्याकडे गेला होता. ती तो घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, आरोग्य खात्याच्या नोंदीत घरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण एकोणचाळीस लाख आहेत. दवाखान्यातले वगळून, पगारी नर्स ठेवलेले वगळून."

"मग?"

"मग करणारे एकोणीस लाखच कसे? बाकीच्या वीस लाखांना कोण भरवतं?"

"नोंदी जुन्या असतील."

"मागच्या मार्चपर्यंतच्या आहेत, सर."

मी म्हटलं, ठेवून जा, बघतो. वाटलं, पोरीला काम कमी आहे. तरी पाहणीचे मूळ फॉर्म मागवले, कारण फरक दिसला की तो खाजवल्याशिवाय मला चैन पडत नाही. शे-दीडशे फॉर्म चाळले. शेवटच्या पानावर एक रकाना होता, ‘फॉर्म कोणी भरला’. बहुतेक ठिकाणी घरातला कमावता पुरुष. आणि मग वर, जिथे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे असं स्वच्छ लिहिलंय, तिथेच प्रश्न एकतीस : नाही. नाही. नाही.

आमचं घरही त्या पाहणीत होतं. रविवार होता. मी चहा घेत टेबलावर फॉर्म भरत होतो, आणि आतल्या खोलीत धाकटी बाबांना अंघोळ घालत होती. पाण्याचा आवाज येत होता. मी प्रश्न एकतीस वाचला, देखभाल म्हणजे नर्स वगैरे असं धरलं, आणि लिहिलं, नाही. बहिणीच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, घरीच असते. फॉर्म नीट भरला म्हणून पाहणीवाल्यानं माझं कौतुकही केलं होतं.

तीन दिवस मी मूग गिळून बसलो. मनाशी म्हणत होतो, पाहणीचा आकडा सरकारी आहे, आपण काही तो पदरचा घातलेला नाही. एकदा कायदा झाला की माणसं दुप्पट निघोत नाहीतर तिप्पट, दिलेलं परत कोण घेतो? धाकटीची वर्षं तोवर धरून झालेली असतील. खरं बोलून मी तिच्या तोंडचा घास काढणार, आणि तोही कोणासाठी, तर तिजोरीसाठी, जी माझी आत्या लागत नाही. असं आयुष्यात मी कधी कामाच्या बाबतीत बोललो नव्हतो, मनातसुद्धा.

चौथ्या दिवशी बाईंनी सहीसाठी पक्का मसुदा पाठवला. फरकाचा खुलासा एका ओळीत करायचा असतो, तो शंकासुरानं प्रामाणिकपणे, तिच्या समजुतीप्रमाणे लिहिला होता. ‘उर्वरित वीस लाख रुग्णांची घरी देखभाल करणारे कोणी नाही.’

पेन उघडलं आणि तसंच धरून बसलो. त्या दिवशी सकाळी निघताना मी पाहिलं होतं, धाकटी बाबांची कूस बदलत होती. एक गुडघा पलंगावर टेकवून, त्यांचा भार स्वतःच्या कमरेवर घेऊन. ती कंबर दोन वर्षं दुखतेय. आणि मी सही करणार होतो की तिथे कोणी नाही. एकदा लिहून झालंच होतं. दुसऱ्यांदा हात चालेना.

बाईंकडे गेलो. म्हटलं, "ही ओळ खोटी आहे. त्या वीस लाखांत माझं घर आहे. तो फॉर्म मी भरला होता."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्यासारखे शहाणे किती असतील?"

"वीस लाख."

"तुमच्या एका घरावर आकडा बदलता येत नाही. दहा दिवस उरलेत. सिद्ध करा."

आम्ही सहाशे घरांना फोन केले, मी आणि शंकासूर. ‘देखभाल करता का’ हा प्रश्न विचारलाच नाही. विचारलं, काल त्यांना कोणी जेवू घातलं? कोणी पुसलं? किती वेळा कूस बदलली? आणि ज्यानं फोन उचलला त्याला म्हटलं, जे करतं त्याच्याकडेच फोन द्या. बायका फोनवर येऊन म्हणायच्या, मी काही करत नाही हो, मी घरीच असते. आणि मग कालचा दिवस सांगत सुटायच्या, तो संपता संपत नसे. एक म्हणाली, तुम्ही पहिलेच विचारताय. फोन ठेवल्यावर शंकासूर उठून बाहेर गेली आणि तोंड धुऊन आली.

माणसं निघाली एकोणचाळीस लाख, थोडं इकडेतिकडे. खर्च एकतीस हजार दोनशे कोटी. सही केली. आठवड्याच्या आत उमेदवाराचं दोन ओळींचं पत्र आलं, की विषय मोलाचा असून अधिक अभ्यासासाठी मागे घेत आहोत. आमच्याकडे ‘अधिक अभ्यास’ म्हणजे काय, ते शिपायालाही माहीत आहे.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा तिनं बातमी ऐकलेली होती. बाबांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. बाबा झोपले होते.

"आकडा तूच काढलास ना?"

"हो."

"उमेदवारानं निम्माच धरला होता असं सांगत होते रेडिओवर."

"हो. आधी तुझ्यासारख्यांना धरलं नव्हतं."

"कोणी?"

मग मी तिला सगळं सांगितलं. रविवार, चहा, पाण्याचा आवाज, सगळं. ती घड्या घालायची थांबली नाही.

"म्हणजे," ती म्हणाली, "तू मला धरत नव्हतास तोवर मला मिळणार होतं. आणि धरलंस तसं गेलं."

"हो."

"व्यवसायापुढे काय लिहिलं होतंस, पुन्हा सांग."

"घरीच असते."

चादर मांडीवर ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. रडली असती तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, मला तुझा फार राग आलाय आणि तो आज-उद्या जाणार नाही. नव्या आकड्याचा नाही. तो खरा आहे, तू तो काढलास ते बरंच केलंस. पहिल्याचा. अकरा वर्षं एका घरात राहून तू तो लिहिलास."

मी उरलेली एक चादर उचलली आणि घडी घालायला लागलो.

"लॅबच्या डॉक्टरीणबाईंना मी दुपारी फोन केला," ती म्हणाली. "सकाळची पाळी आहे. सहा वर्षं कमी पडतायत ना, ती मी भरते. सोमवारपासून साडेसातला निघेन, दीडला येईन."

"आणि बाबा?"

"तुझेही आहेत."

"मी एखादी बाई ठेवतो. पैसे मी देतो."

"ठेव. तूच शोध, तूच तिला शिकव. मला काही विचारू नकोस."

बाई मिळेना. एक आली, बाबांकडे बघून गेली. दुसरीला पुढच्या महिन्यापासून जमणार होतं. मी कार्यालयात आमच्या बाईंकडे अर्ध्या पगारावर अर्धा दिवस मागितला आणि त्यांनी दिला. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मी चिडलेलो होतो, तिच्यावर, उमेदवारावर, त्या पाहणीवाल्यावर, आणि सगळ्यांत जास्त कोणावर ते सांगायला नको.

सोमवारी ती निघाली. इस्त्री केलेला कुर्ता, केस घट्ट बांधलेले. बाबांच्या कपाळावरून हात फिरवला, मला म्हणाली, "नऊला कूस बदलायची, विसरू नकोस," आणि गेली. तिच्यामागे दार मीच लावलं.

नऊला मी बाह्या सरसावून पलंगाशी गेलो. काखेत हात घालून बाबांना ओढायला लागलो, तर ते हलेनात, नुसते कण्हले. मग कमरेला धरून पाहिलं. उशी खाली पडली, चादर गोळा झाली, मला घाम फुटला. अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही उचललेलं नव्हतं. "थांबा बाबा," मी म्हटलं, "मला येत नाहीये."

बाबांचा डावा हात तेवढा चालतो. त्या हातानं त्यांनी माझं मनगट पकडलं, हळूहळू ओढत नेलं आणि माझा तळवा आपल्या खांद्याच्या पात्याखाली ठेवला. मग दुसरा हात कुठे घालायचा ते सांगितलं, डोळ्यांनीच. तो मांडीच्या खाली. मग माझ्या गुडघ्यावर दोनदा थापटलं, म्हणजे तो वर घे, पलंगावर टेकव. मी टेकवला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, आता उचल म्हणून.