मागची सीट

दादाला परदेशात नोकरी लागली तेव्हा त्यानं जाताना बहिणीच्या गळ्यात दोन जबाबदाऱ्या घातल्या, आई आणि स्कूटर. आईबद्दल बरंच काही सांगितलं. औषधं कुठली, डॉक्टर कुठले, हट्टाला पेटली तर काय करायचं. स्कूटरबद्दल एवढंच म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की विकून टाक."

गिऱ्हाईक काही आलं नाही. काही वर्षांनी आई गेली. दादा आला, चार दिवस राहिला आणि निघताना जिन्याखाली धुळकट प्लास्टिकनं झाकलेल्या स्कूटरकडे बघून म्हणाला, "अजून आहे होय ही?" मग टॅक्सीत बसला.

बहिणीला सगळे ताईच म्हणायचे, तेव्हा आपणही ताईच म्हणू. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी घासून त्यांना चकाकी आणायची. दिवसभर मशीनची घरघर आणि कपड्यांवर गुलाबी भुकटी. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या हातचं हसतात, असं ती गमतीनं म्हणायची. पण त्यांतलं एकही माणूस तिनं पाहिलेलं नव्हतं. तोंडं डॉक्टरांकडे आणि ठसे तिच्याकडे, अशी वाटणी होती. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारी माणसंही हळूहळू विचारायची थांबली.

आई होती तोवर घरात निदान कुरबुर होती. चहा गार झाला, पंखा जोरात आहे, तू उशिरा आलीस. आई गेल्यावर ताई घरी यायची, दार लावायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याशी बोलेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एकदा त्याला "अर्धा लिटर" म्हणताना आवाजच घोगरा आला आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

त्याच आठवड्यात तिनं कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला स्कूटरची किंमत सांगायला बोलावलं. तो उकिडवा बसला, टायर दाबून पाहिले, प्लग काढून फुंकला.

"बंद गाडीला भाव नसतो, ताई. मी चालू करून देतो. रोज सकाळी पाच मिनिटं स्टँडवरच सुरू ठेवत जा. मग गिऱ्हाईक बघू."

नवी बॅटरी बसली. ताई रोज लॅबला जायच्या आधी जिन्याखाली जाऊन किक मारायची. मेन स्टँडवर उभी स्कूटर थरथरायची, जिन्याचा कठडा बारीक गुणगुणायचा. पाच मिनिटांची दहा मिनिटं व्हायला लागली. उभं राहून पाय दुखतात म्हणून ती सीटवर बसायला लागली. मग आरशांवरची धूळ पुसली. एक दिवस मेकॅनिकच्या दुकानासमोर जाऊन म्हणाली, "विकायची नाही. शिकायची आहे."

मेकॅनिकनं तिच्या केसांतल्या पांढऱ्या बटांकडे एकदा पाहिलं आणि हात पुसले. "सुट्टीच्या दिवशी या. बाजाराचं आवार मोकळं असतं."

त्या सिमेंटच्या रिकाम्या आवारात ती शिकली. स्टँडवर चढवताना गाडी हातांनी वर ओढायची नाही, पायानं स्टँड दाबायचा, गाडी आपोआप मागे येते. वाळू दिसली की ब्रेक नाही, आधीच वेग कमी. नजर चाकावर नाही, जायचंय तिथे. पाय जमिनीला घासत चालवायची तिला खोड होती. त्यावर मेकॅनिक म्हणाला, "पाय वर घ्या. तुम्ही गाडीवर विश्वास टाकल्याशिवाय ती उभी राहायची नाही." एकदा ती आडवी झाली, गुडघा सोलवटला. मेकॅनिक शांतपणे येऊन म्हणाला, "झालं एकदाचं. मी वाटच बघत होतो. आता भीती गेली."

खरंच गेली. त्यानंतर ताईचे दिवस पालटले, असं नाही म्हणता येणार. घर तसंच होतं. पण घर आणि लॅब यांच्यामध्ये आता तिचं स्वतःचं असं काहीतरी आलं. बेकरीच्या आधीच पावाचा वास लागायचा. झाडांखालून जाताना हाताच्या कातडीला सावली कळायची. पाण्याच्या टाकीपासूनच्या उतारावर ती अॅक्सिलरेटर सोडून द्यायची, आणि इंजिनचा आवाज मावळून चाकांची सळसळ तेवढी उरायची. सगळ्यात मोठी चैन हेल्मेटची. हेल्मेटच्या आत माणूस मोठ्यानं बोललं तरी कुणाला पत्ता लागत नाही. ती बोलायची. आज काय झालं, मालक काय म्हणाला, आईनं काय म्हटलं असतं. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाशी इतक्या जवळ ऐकायला बरा वाटायचा. सिग्नलला थांबलं की गप्प.

वरच्या मजल्यावर निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे. गणित शिकवण्यात आयुष्य गेलं होतं, बोलणंही गणितासारखंच, कमी आणि नेमकं. त्यांच्या यजमानांना विस्मरणाचा आजार होता. ते दोनदा रस्ता चुकले, एकदा गॅस उघडा ठेवून बसले. शेवटी गावाबाहेर टेकडीखालच्या एका संस्थेत त्यांना ठेवावं लागलं. बाई दर रविवारी तिकडे जायच्या. दोन बस बदलायच्या आणि पुढे चालायचं.

एका रविवारी बाई जिन्यात गुडघा धरून उभ्या दिसल्या. ताई म्हणाली, "मी सोडू का तुम्हाला?"

"तुला येते का नीट?"

"येते. मागे अजून कुणाला बसवलं नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग मीच पहिली."

तेव्हापासून रविवार ठरून गेला. ताईनं दुसरं हेल्मेट आणलं, मागच्या टायरात हवा थोडी जास्त भरायला लागली. मागे माणूस असलं की ब्रेक लवकर धरावा लागतो आणि चढावर घाई करून चालत नाही, हे तिचं तिला उमगलं. बाई मागून बोलायच्या, पण वाऱ्यात अर्धे शब्द उडून जायचे. त्यांची वाक्यं सिग्नलला पुरी व्हायची. ताई मान मागे वळवून म्हणायची, "हं, मग?" आणि बाई पुढचं सांगायच्या. हेल्मेटमध्ये आता ती एकटी बोलत नसे. त्याची गरजच पडेना. शनिवारी संध्याकाळी ती स्कूटर धुवायची. धुताना गाणं गुणगुणायची आणि ते लक्षात आलं की इकडेतिकडे बघायची.

संस्थेत ताई आत जायची नाही. आवारात इमारतीला वळसा घालून जाणारा एक सिमेंटचा रस्ता होता, त्याच्या कडेला ती थांबायची. बाई तासाभरानं बाहेर यायच्या. चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. ताई विचारायची, "कसे आहेत काका?" "बरे आहेत. आज मला म्हणाले, बाई, तुम्ही कुठल्या वॉर्डच्या?" एवढंच. मग हेल्मेटचा पट्टा लावायच्या.

असे बरेच रविवार गेले. मग एक दिवस बाईंना ऑफिसात डॉक्टरांशी बोलायला बसवून ठेवलं होतं. ताई स्कूटर सुरू करून तिचा आवाज ऐकत होती, कारण इंजिन जरा अडखळत होतं. तेवढ्यात मागची सीट दबली.

तिनं आरशात पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले पांढरे केस. काका. तिनं त्यांना एकदोनदा खिडकीतून पाहिलेलं होतं.

"काका, उतरा हं. बाई आत आहेत."

"निघायचं ना?" ते म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सहज ठेवला, जसा रोज ठेवत असावेत. पलीकडे उभ्या असलेल्या, काकांची देखभाल करणाऱ्या मावशींनी हातानंच खूण केली, राहू दे, एक चक्कर मार, नाहीतर हट्टाला बसतील.

ताईनं गाडी पुढे घेतली. चालण्याच्या वेगाहून जराशी जास्त. इमारतीच्या मागे बाग होती, वाळत घातलेल्या चादरी होत्या. काका तिच्याबरोबर वळणावर अचूक झुकले. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाचं शरीर होतं ते.

"छान चालवतेस ठमे," ते म्हणाले. "कधी शिकलीस?"

ताईनं हँडल नीट धरलं. "आत्ताच," ती म्हणाली.

"मागे बसलीस की मात्र वळणावर उलटी झुकतेस. दर वेळी. गाडी डावीकडे, बाईसाहेब उजवीकडे. मी कधी बोललो नाही."

"का नाही बोललात?"

"बोललो असतो तर विचार करत बसली असतीस. मला मागे निवांत बसलेली पाहिजे होतीस." ते हसले. तिच्या मानेला त्यांचा श्वास लागला. "त्यात काय, मी थोडं जास्त झुकायचो."

चक्कर पुरी झाली तेव्हा पायऱ्यांवर बाई उभ्या होत्या.

काका उतरले. बाईंकडे बघून त्यांनी ओळख नसलेल्या माणसाला करतात तसा सभ्य नमस्कार केला. मग ताईकडे वळून म्हणाले, "ठमे, अंधार व्हायच्या आत घरी ये." मावशींचा हात धरून आत गेले.

परतीच्या वाटेवर सिग्नल लागले तेवढे सगळे मुकाट्यानं गेले. घराशी आल्यावर बाईंनी हेल्मेट काढून ताईच्या हातात दिलं. "दोन वर्षं झाली, त्या नावानं त्यांनी मला हाक मारलेली नाही," एवढं म्हणाल्या आणि कठड्याचा आधार घेत जिना चढल्या.

पुढच्या रविवारी ताई तयार होऊन खाली उभी राहिली. बाई आल्या, म्हणाल्या, "आज मी बसनं जाते." त्याच्या पुढच्या रविवारी त्या ताई उठायच्या आधीच निघून गेल्या होत्या. ताईला राग आला नाही. राग यायला आपला काहीतरी हक्क लागतो. लॅबमध्ये मेणात दात बसवताना तिला खांद्यावरचा तो हात जाणवायचा. पन्नाशी उलटल्यावर कुणी पहिल्यांदा अंधारापूर्वी घरी ये म्हणालं होतं, आणि तेही दुसऱ्या बाईला. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. हेल्मेटमध्येही ती ते बोलली नाही.

मग एका संध्याकाळी दार वाजलं. बाई होत्या. आत येऊन खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच.

"त्या दिवशी ते आणखी काय बोलले, ते मला सांग. शब्दन् शब्द."

ताईनं सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. बाई खिडकीकडे बघत ऐकत होत्या.

"मी झुकते उलटी?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि तूही बोलली नाहीस."

"मीही थोडं जास्त झुकत होते," ताई म्हणाली.

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ तसाच धरला. ताईनं चहा ठेवला. दोघींनी तो प्यायला. उठताना बाई म्हणाल्या, "मला तुझा राग आला होता. तुझा काही दोष नव्हता. तरी आला."

"असू दे, बाई."

"मी तिकडे खोली घेतेय. संस्थेच्या समोरच. मला ओळखत नसले तरी रोज दिसेन तरी. वॉर्डच्या बाई तर वॉर्डच्या बाई."

महिनाअखेरीस टेम्पो आला. सामान फार नव्हतं. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, काच खाली करून म्हणाल्या, "ये हं रविवारी." ताई म्हणाली, "येईन."

ती गेलीही, दोन-तीनदा. बाईंच्या खोलीत बसून चहा प्यायली. पण बाईंचा दिवस आता काकांच्या जेवणाच्या, झोपेच्या वेळांना बांधलेला होता. बोलताना त्यांची नजर सारखी समोरच्या फाटकाकडे जायची. काका एकदा व्हरांड्यात दिसले. ताईनं हात केला. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यानंतर ती जायची थांबली. ठरवून नव्हे. एका रविवारी संस्थेकडचं वळण आलं आणि ती सरळ पुढे गेली.

पुढचा रस्ता तिच्या पाहण्यातला नव्हता. शेतं, विटांची भट्टी, मग एक लांबच लांब तलाव आणि त्याच्या काठानं जाणारा सपाट रस्ता. वारा आडवा होता, गाडी हलकी वाटत होती, हँडल जरा घट्ट धरावं लागत होतं. मागचं वजन नसलं की वाऱ्यात गाडी भिरभिरते, हे तिला नव्यानं कळलं. ती तलाव संपेपर्यंत गेली. तिथे उतरून दगडावर बसली, पाणी प्यायली. कुणीतरी गळ टाकून बसलं होतं, त्यानं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं ती परत निघाली.

वाटेत एक मोटरसायकल तिच्या बाजूला आली. चालवणाऱ्या माणसानं बोटं उघडमीट करून काहीतरी दाखवलं. तिला कळलं नाही. तो जरा जवळ आला आणि ओरडून म्हणाला, "इंडिकेटर चालू राहिलाय तुमचा."

तिनं खाली पाहिलं. केव्हापासून तो हिरवा दिवा लुकलुकत होता कुणास ठाऊक. तिनं बटण दाबून तो बंद केला आणि आभाराचा हात वर केला. तोवर तो माणूस बराच पुढे गेला होता. त्यानं न वळता आपलाही हात वर केला, आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला.

ताई तशीच पुढे जात राहिली. बऱ्याच वेळानं ती हेल्मेटमध्ये मोठ्यानं म्हणाली, "थँक्यू हं."