पणजोबांची उजवी बाजू

डॉल्फिनची कवटी वाकडी असते. नाकाची भोकं डावीकडे सरकलेली, उजवीकडची हाडं मोठी. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर मासे शोधणाऱ्याचं डोकं असंच असतं. पण आमचे पणजोबा, म्हणजे डॉल्फिनच्या एका फार जुन्या पूर्वजाची दगड झालेली कवटी, अगदी सरळ होते. म्हणजे त्यांना ही विद्या अजून आलेली नव्हती. माझा सगळा शोधनिबंध या सरळपणावर उभा होता, आणि माझ्या नोकरीची मुदतवाढ त्या निबंधावर.

खरी कवटी दूरच्या संग्रहालयात. माझ्याकडे होतं ते संगणकावरचं मॉडेल, मी या प्रयोगशाळेत येण्यापूर्वी आमच्या प्रमुख सरांनी स्कॅनवरून तयार केलेलं. तीन वर्षं त्याच्या दोन्ही बाजूंवर बिंदू ठेवून मी अंतरं मोजली. केसभर फरक यायचा, तो माझ्या हाताचा समजायचे. घरी सासूबाई विचारायच्या, "काय म्हणतात पणजोबा?" मी सांगायचे, "सुतासारखे सरळ आहेत."

आज सकाळी, नियतकालिकाने स्वीकारलेल्या निबंधासाठी शेवटचं चित्र काढताना डाव्या डोळ्याच्या खोबणीवर एक ओरखडा दिसला. दगडातून कवटी कोरून काढणाऱ्याची सुई घसरली असेल म्हणून सोडून देणार होते. सहज उजवीकडे पाहिलं. तिथेही तोच ओरखडा, तेवढाच लांब, टोकाला तसाच वळलेला. सुई एकदा घसरते. दुसऱ्या बाजूला आरशात बघितल्यासारखी घसरत नाही.

तणतणत सरांच्या खोलीत गेले.

"सर, उजवी बाजू कुठून आली?"

"डावीच उलटी करून जोडली. उजवी शिल्लकच नव्हती." त्यांनी मान वर केली नाही. "फाइलच्या नावात 'पूर्ण' लिहिलंय की."

"पूर्ण म्हणजे अख्खी ना?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण केलेली. आपल्याकडे तसंच लिहितात."

तसंच लिहितात! मला कोणी सांगितलं होतं? माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं मी डाव्या बाजूची तुलना डाव्याच बाजूशी करत बसले होते.

"तुम्ही निबंध वाचलात, सर. दोनदा."

आता मात्र त्यांनी चष्मा काढला. "माझ्याही लक्षात राहिलं नाही गं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तो ओरखडा पुसता येतो. निबंध मागे घेतलास, तर मुदतवाढीसाठी मी काही करू शकणार नाही."

मी जागेवर आले आणि निबंध मागे घेत असल्याचं संपादकांना कळवून टाकलं. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो नुसता संताप, सरांचा, माझा, त्या मेल्या पणजोबांचाही.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "आई विचारतेय, मुदतवाढीचं काय झालं?"

"नाही मिळणार. निबंध मागे घेतला."

"काय? अगं, दोन्ही बाजू किती जुळतात म्हणून नाचत होतीस ना?"

"म्हणूनच," मी म्हणाले.